सुप्याच्या पाण्यात संपलेलं पेट्रोल आणि माझा एक जुना शेरा

या समूहावर गेली दोन वर्षं सगळ्यांच्या आठवणी वाचतो आहे. कुणी आजोळच्या, कुणी शाळेच्या, कुणी नोकरीतल्या गमतीजमती लिहितात. मी आजवर नुसता अंगठा दाखवत आलो. आज लिहितो आहे, ते गंमत म्हणून नाही. एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे, ती कुठेतरी नीट मांडून ठेवावी म्हणून. थोडी लांबेल, सांभाळून घ्या.

माझं आजोळ सुप्याचं. आमच्या पिढीतली माणसं अजून ‘सुपा तालुका’च म्हणतात, कागदावर आता जोयडा. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचं सुपा गाव धरणात गेलं, म्हणून तालुक्याचं ठाणं जोयड्याला हललं. गणेशगुडीचं ते धरण १०१ मीटर उंच आहे. ऐंशीच्या दशकात पाणी अडलं आणि आमच्या मामाचं घर, अंगणातला फणस, देऊळ, बाजाराची जागा, सगळं खाली गेलं. मामा-मामी इतर बऱ्याच कुटुंबांसारखे रामनगरला आले. मामा तिथे फार जगला नाही. मामी आहे. वय अठ्ठ्याऐंशी, ऐकू कमी येतं, पण सुप्याच्या बाजारात कुठल्या दुकानाशेजारी कुठलं दुकान होतं ते क्रमाने सांगते.

मामेभावाच्या मुलाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, आठ वर्षांपूर्वी जलाशयाच्या काठाजवळ चार खोल्यांचा होमस्टे काढला. बेळगाव, हुबळी, गोव्याकडून लोक येतात. काही राफ्टिंगला, काही जंगल बघायला, आणि काही नुसतं गळ टाकून बसायला. या शेवटच्या मंडळींचं मला नेहमी कौतुक वाटतं. हजारो रुपयांचा गळ, दिवसभर ऊन, आणि मासा लागला की फोटो काढून परत पाण्यात सोडायचा! त्यांच्यासाठी पुतण्याने सगळ्या परवानग्या काढून सोळा फुटी फायबरची होडी घेतली आणि तिला मागे लावायचं ९.९ एचपीचं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन घेतलं. त्याला आऊटबोर्ड म्हणतात, कारण ते होडीच्या पोटात नसतं, मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं असतं. दोन माणसांनी उचलून घरी आणता येतं.

तर गोष्ट परवाच्या दिवाळीआधीची. मी आणि आमच्या सौभाग्यवती चार दिवस पुतण्याकडे गेलो होतो. मामीला रामनगरहून आणलं होतं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “मला एकदा सुप्यावर ने रे. देवीला ओटी पाण्यातच सोडीन, पण तिथे जाऊन सोडीन.” पुतण्याला म्हटलं, जमेल का? तो म्हणाला, “काका, भिंतीजवळ जाऊ देत नाहीत, पण लांबून जागा दाखवू शकतो. आठ किलोमीटर जायला, आठ यायला. काही अवघड नाही.”

त्याचा हिशोब सोपा होता. येऊन-जाऊन १६ किलोमीटर, ताशी १२च्या वेगाने एक तास वीस मिनिटं. इंजिनाला ताशी अडीच लिटर, म्हणजे साधारण साडेतीन लिटर. त्याने सहा लिटर घेतलं. “जवळजवळ दुप्पट आहे काका.” मलाही पटलं. बँकेत चाळीस वर्षं मार्जिन बघत आलेला माणूस मी, शंभर टक्के मार्जिन म्हणजे काय कमी?

होडीत आम्ही पाच जण. पुतण्या, सूनबाई, मामी, आम्ही दोघं. मामीने नऊवारीवर लाईफ जॅकेट घालायला आधी साफ नकार दिला. मग ओटीचं ताट मांडीवर घेऊन त्या केशरी जॅकेटात अशी बसली की जणू पालखीच निघाली. पुतण्याने हँडल पूर्ण पिळलं होतं. आवाज भरपूर, मागे पांढरा फेस भरपूर, पण होडीचं नाक वर आणि शेपूट खाली, वेग काही वाढेना. पाऊणएक तासाने त्याने इंजिन बंद केलं आणि हात दाखवून म्हणाला, “आजी, त्या बाजूला होतं बघ.”

मामी बराच वेळ काही बोलली नाही. मग नारळ, खण, तांदूळ पाण्यात सोडले. नारळ तरंगत राहिला. ती म्हणाली, “संगम इथून दिसायचा नाही, वळणापलीकडे. तू चुकतोयस.” पुतण्याचा जन्मच धरणानंतरचा. तो गप्प राहिला.

परतीला वारा तोंडावर आला. दुपारनंतर या पाण्यावर वारा उठतो हे त्याला ठाऊक होतं, पण हिशोबात धरलं नव्हतं. अर्धा तास झाला असेल, इंजिनाने दोन आचके दिले आणि बंद. टाकी हलवून पाहिली, कोरडी. काठ अजून तीन किलोमीटरवर. सूर्य डोंगराला टेकत आलेला. मोबाईलला रेंज नाही.

होडीत दोन वल्ही होती ही देवीची कृपा. पुतण्याने आणि मी आलटून पालटून मारली. मी पंच्याहत्तरीचा माणूस, दहा मिनिटांत हात भरून यायचे. सूनबाईने माझ्या हातातलं वल्हं काढून घेतलं ते शेवटपर्यंत परत दिलं नाही. दोन तास लागले. काठाला लागलो तेव्हा मिट्ट काळोख होता. वाघाचं राखीव जंगल आजूबाजूला, त्यामुळे सौभाग्यवती सगळा वेळ रामरक्षा म्हणत होत्या. मामी तेवढी शांत होती. उतरताना म्हणाली, “आमच्या वेळी होडीला पेट्रोल लागत नव्हतं, म्हणून संपतही नव्हतं.”

कुणाला काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. सहा लिटर गेलं कुठे? गळती नव्हती, ते आम्ही बॅटरी लावून पाहिलं होतं.

सकाळी पुतण्याला विचारलं, “ताशी अडीच लिटर हा आकडा तुला कुणी दिला?” तो आत गेला आणि इंजिनाबरोबर विक्रेत्याने दिलेलं छापील पत्रक घेऊन आला. त्यात लिहिलं होतं, ताशी २.५ लिटर. तो आकडा बघून माझ्या पोटात खड्डा पडला. कारण तोच आकडा मी स्वतः, माझ्या अक्षरात, १९८६ साली एका कर्जाच्या फायलीत लिहिला होता.

आता ती गोष्ट.

मी १९७१ साली बेळगावात बी.कॉम. झालो, पुढच्या वर्षी बँकेत लागलो. बँकेचं नाव सांगत नाही, गरजही नाही. १९८५ ते ८८ मी कारवारच्या किनाऱ्यावरच्या एका शाखेत फील्ड ऑफिसर होतो. तो काळ आठवा. १९८० पासून आय.आर.डी.पी. देशातल्या सगळ्या तालुक्यांत आली होती, १९८२ साली नाबार्ड झाली होती, आणि गरिबाला धंद्यासाठी कर्ज द्या असा वरून रेटा होता. किनाऱ्यावर यांत्रिक बोटींनी मासळी खेचायला सुरुवात केल्यावर वल्ह्या-शिडाच्या होड्या मागे पडत होत्या. रापणीवर जगणारी माणसं हातावर हात ठेवून बसायची. त्यावर तोडगा म्हणून त्यांच्या होड्यांना आऊटबोर्ड इंजिनं लावायची टूम निघाली. पेट्रोल परवडत नाही म्हणून रॉकेलवर चालणारी इंजिनं. चालू पेट्रोलवर करायचं, तापलं की रॉकेलवर टाकायचं.

माझ्याकडे एक तांडेल आला. नाव लिहीत नाही, त्यांची मुलंनातवंडं आहेत. चाळिशीचा माणूस, बोलणं मोजकं, सही मराठीत करायचा. ८ एचपीचं इंजिन पाहिजे होतं. मी प्रोजेक्ट रिपोर्ट केला. विक्रेत्याच्या पत्रकातून ताशी अडीच लिटर घेतले. दिवसाला चार तास, महिन्याला वीस दिवस, म्हणजे २०० लिटर रॉकेल. मासळीचं उत्पन्न, खर्च वजा, हप्ता वजा, तरी घरखर्चाला पैसे उरत होते. फार सुबक रिपोर्ट झाला होता. मॅनेजरसाहेबांनी इतरांना नमुना म्हणून दाखवला.

पहिले चार हप्ते आले. मग एक आला, एक नाही. मग बंद. मी तपासणीला गेलो. किनाऱ्यावर उभं राहून इंजिन पाहिलं, नंबर जुळवला, होडी पाहिली. तांडेल म्हणाला, “साहेब, हे रॉकेल फार पितं. ताशी साडेचार तरी जातं.” मी म्हटलं, “रिपोर्टात अडीच आहे. नीट चालवा.” तो म्हणाला, “तुम्ही एकदा बसा होडीत. सकाळी जाऊ, दुपारी येऊ. डबा मोजून भरा.” मला त्या दिवशी आणखी तीन गावं करायची होती. शिवाय खरं सांगतो, समुद्राची भीती वाटायची. मी गेलो नाही.

शाखेत येऊन मी फायलीवर शेरा मारला. इंग्रजीत मारला, त्याचा मराठी अर्थ असा: व्यवसाय चालू आहे, उत्पन्न आहे, कर्जदार उत्पन्न दुसरीकडे वळवतो आहे, हप्ते जाणूनबुजून चुकवतो आहे. खाली सही, तारीख.

१९८८ मध्ये इंजिन ओढून आणलं आणि लिलाव झाला. त्याच वर्षी माझी बदली झाली. १९९० साली सरकारने दहा हजार रुपयांपर्यंतची ग्रामीण कर्जमाफी आणली, ती अनेकांना आठवत असेल. त्या माफीत एक अट होती, जाणूनबुजून हप्ते चुकवणाऱ्याला ती नाही. लिलावाचे पैसे वजा होऊनही तांडेलाच्या नावावर बाकी होती. पुढे त्या शाखेतला एक सहकारी भेटला तेव्हा सहज बोलताना म्हणाला, “तुमच्या त्या तांडेलाला माफी बसली नाही, तुमचा शेरा आडवा आला.” मी तेव्हा म्हटलं, “नियम म्हणजे नियम.” आणि विसरलो. म्हणजे विसरलो असं मला वाटलं.

पुतण्याच्या ओसरीवर ते पत्रक हातात धरून हे सगळं आठवलं. मी त्याला म्हटलं, “आपण हे मोजायचं. आजच.”

पुढचे चार दिवस सकाळी वारा पडलेला असताना आम्ही मोजलं. पद्धत साधी. बाहेरच्या टाकीला आतून एक खूण केली. खुणेपर्यंत पेट्रोल भरायचं, ठरलेल्या तऱ्हेने होडी चालवायची, परत आल्यावर फवारणीच्या औषधाच्या मापाने पुन्हा खुणेपर्यंत भरायचं. जेवढं भरावं लागलं तेवढं जळलं. अंतर आणि वेग मोबाईलवर. वजनासाठी शेजारची दोन पोरं आणि वाळूची पोती. मी शंभर पानी वहीत रकाने आखले. किती वर्षांनी रकाने आखले!

निघालेले आकडे असे:

पूर्ण हँडल, दोन माणसं: वेग ताशी २४ किलोमीटर, ताशी ५ लिटर. लिटरला ४.८ किलोमीटर.

पूर्ण हँडल, पाच माणसांचं वजन: वेग ताशी ११, पेट्रोल तेच ताशी ५ लिटर. लिटरला २.२ किलोमीटर.

अर्ध्याहून कमी हँडल, पाच माणसांचं वजन: वेग ताशी ८, ताशी १.९ लिटर. लिटरला ४.२ किलोमीटर.

गळ ओढत अगदी हळू: वेग ताशी ४, ताशी ०.९ लिटर. लिटरला साधारण साडेचार किलोमीटर.

दुसरी आणि तिसरी ओळ पुन्हा वाचा. ताशी ८चा वेग ११ करायला, म्हणजे तीन किलोमीटर वाढवायला, अडीचपटीहून जास्त पेट्रोल लागलं. त्या दिवशी आम्ही हळू गेलो असतो तर १६ किलोमीटरला चार लिटरच्या आत काम झालं असतं. वाऱ्याचे म्हणून अर्धा-पाऊण लिटर जास्त धरा. त्याच सहा लिटरात घरी येऊन दीडएक लिटर उरलं असतं, आणि वेळ पाऊण तासच जास्त गेला असता. घाई केली म्हणून अंधारात वल्ही मारावी लागली.

हे असं का, ते मी नंतर एका बोट बांधणाऱ्या ओळखीच्या इंजिनिअरकडून समजून घेतलं. पाण्यात बसून चालणाऱ्या होडीला तिच्या लांबीप्रमाणे एक वेगमर्यादा असते. पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटात वर्गमूळ काढा, १.३४ने गुणा, तेवढे नॉट. आमच्या होडीची पाण्यातली लांबी १५ फूट धरली तर पाचाच्या थोडं वर, म्हणजे ताशी साडेनऊ किलोमीटर. त्यापलीकडे होडी स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढत बसते. नाक वर, शेपूट खाली, ते हेच. वजन कमी आणि ताकद पुरेशी असेल तर ती लाट ओलांडून पाण्यावर सरकू लागते, मग परत स्वस्त पडते. दोन माणसांना ते जमतं, पाचांना नाही. मधल्या मध्ये अडकली की पेट्रोल जळतं ते फेस काढायला.

दुसरी गोष्ट इंजिनाची. जुन्या पद्धतीच्या कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये आत येणारं ताजं पेट्रोल काही प्रमाणात न जळताच धुराबरोबर बाहेर जातं, साधारण पाव हिस्सा. वर लिटरला २० मिली ऑइल मिसळायचं, तेही पाण्यात. अमेरिकेत लेक टाहो नावाचं मोठं सरोवर आहे, तिथे १९९९ पासून अशा इंजिनांना बंदीच आहे. इंजिनिअरने ढोबळ आडाखा सांगितला: पूर्ण हँडलवर टू-स्ट्रोकला दर एचपीला ताशी अर्धा लिटर धरा. ९.९ला पाच लिटर. आमचं मोजमाप बरोबर निघालं.

मग मी वहीच्या कोपऱ्यात लिहिलं: ८ एचपी, ४ लिटर. रॉकेलवर त्याहून थोडं जास्तच, कारण ती इंजिनं रॉकेलावर तेवढी नीट जाळत नाहीत. जाळी, बर्फ, चार-पाच गडी घेऊन समुद्राच्या लाटेत कोण अर्ध्या हँडलने जाईल? मासळी किनाऱ्याला आधी पोचली तर भाव. तांडेल म्हणाला होता साडेचार.

चार लिटर जरी धरले, तरी दिवसाला १६, महिन्याला ३२०. माझ्या रिपोर्टात २००. फरक १२० लिटर. रेशनवर एवढं मिळत नसे, वरचं खुल्या बाजारातून घ्यायचं. तेव्हाच्या भावाने १२० लिटरचे पैसे जवळजवळ आमच्या हप्त्याइतके होत होते. म्हणजे तो उत्पन्न दुसरीकडे वळवत होता हे खरंच. रॉकेलच्या डब्यात वळवत होता.

पत्रकातला आकडाही खोटा नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. बारीक अक्षरात कुठल्या फेऱ्यांना तो मोजला ते लिहिलेलं असतं. रिकाम्या होडीने, मध्यम वेगाने गेलात तर अडीच लिटर येतीलही. आकडा बरोबर होता, तो कुणाला लावायचा हे बघणं माझं काम होतं. त्यासाठी एक दिवस होडीत बसायचं होतं.

जानेवारीत मी आणि पुतण्या गाडीने अणशी घाटातून कारवारला गेलो. सुप्याहून निघालेली काळी नदी कद्र्याच्या धरणातून पुढे कारवारला समुद्राला मिळते, रस्ता बराचसा तिच्याच अंगाने जातो. नदीवरचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये पडला, तो मोकळा भाग बघत थोडा वेळ थांबलो. खरं म्हणजे मी वेळ काढत होतो.

तांडेल गेले, बारा वर्षं झाली. मुलगा भेटला. तोही पंचावन्नचा आहे, स्वतःची होडी आहे. मी ओळख सांगितली. त्याला नाव आठवलं. त्याने खुर्ची दिली, चहा सांगितला. मी सगळं सांगितलं, शेऱ्यासकट. वही उघडून आकडे दाखवले. त्याने नीट वाचले. मग म्हणाला, “चार? बाबा साडेचार म्हणायचे.”

मी म्हटलं, “साडेचारच असेल.”

थोड्या वेळाने तो म्हणाला, “इंजिन गेल्यावर बाबा मालप्याला दुसऱ्याच्या ट्रॉलरवर गेले. सात वर्षं. मी शाळा सोडली ती तेव्हाच.” आवाज चढलेला नव्हता. “तुमच्याबद्दल वाईट बोलले नाहीत कधी. म्हणायचे, साहेब चांगला होता, पण होडीत कधी बसला नाही.”

मी माफी मागितली. तो “असू दे” म्हणाला नाही, आणि मला वाटतं त्याने म्हणायलाही नको होतं. निघताना त्याने विचारलं, “आता हे सांगायला का आलात?” मला उत्तर देता आलं नाही. अजूनही नीट देता येत नाही. कागद बदलता येत नाही, ती फाईल कधीच रद्दीत गेली असेल. एवढंच की ज्याच्यावर मी आळ घेतला तो खरं बोलत होता, हे त्याच्या घरात कुणाला तरी माझ्या तोंडून कळावं. त्याने आम्हाला रस्त्यापर्यंत सोडलं. पुतण्याने त्याला होडीबद्दल दोन-चार गोष्टी विचारल्या, त्या त्याने समजावून सांगितल्या. नंबरही दिला.

आता पुतण्याचं. त्याला २५ एचपीचं टू-स्ट्रोक घ्यायचं होतं, पाच पाहुणे घेऊन जोरात जाता यावं म्हणून. त्यासाठी कर्ज, आणि काकांनी रिपोर्ट करून द्यावा असा बेत होता. मी म्हटलं, आडाख्याने पूर्ण हँडलवर ताशी साडेबारा लिटर. तू गळवाल्यांकडून तासाला किती घेतोस? त्याने बोटं मोजली आणि गप्प झाला. तांडेलाच्या मुलानेही फोनवर त्याला तेच सांगितलं, “मासे पकडायला घाई कशाला?” शेवटी जुनं इंजिन विकून त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक घ्यायचं ठरलं. किंमत जास्त आहे, पण पूर्ण हँडलवर ताशी साडेतीन-चार लिटरात भागतं. मी रिपोर्ट केला. बँकेतल्या तरुण मॅनेजरबाईंनी विक्रेत्याचं पत्रक मागितलं, ते दिलंच. त्यामागे माझ्या वहीच्या पानाची प्रत टाचून दिली. त्यांनी विचारलं, “हे काय?” मी म्हटलं, “मॅडम, रिपोर्टातला इंधनखर्च या पानावरून घेतला आहे. आणि जमलं तर एकदा येऊन होडीत बसा.” त्या हसल्या. पण मार्चमध्ये खरंच आल्या, लाईफ जॅकेट घालून फेरी मारून गेल्या.

पुतण्याच्या होडीत आता एक पाटी आहे: “एक हिस्सा जायला, एक हिस्सा यायला, एक हिस्सा देवाला.” म्हणजे टाकीतलं एक तृतीयांश जाताना, एक तृतीयांश येताना, आणि उरलेलं हात न लावता परत आणायचं. समुद्रावरचे लोक जगभर असंच करतात म्हणे. ‘देवाला’ हा शब्द मामीचा.

जाता जाता एक वाचलेली गोष्ट. ज्याने ही इंजिनं धंद्यात यशस्वी करून दाखवली तो ओले एव्हिनरूड हा अमेरिकेतला मेकॅनिक. त्याने १९०९ साली सुरुवात केली. असं सांगतात की एकदा तळ्यावर सहलीला गेले असताना तो आपल्या वाग्दत्त वधूसाठी पलीकडच्या काठाहून आईस्क्रीम आणायला वल्हवत गेला आणि परत येईपर्यंत ते विरघळलं, त्यावरून त्याला कल्पना सुचली. ही गोष्ट मी मामीला सांगितली. ती म्हणाली, “त्याचं आईस्क्रीमच विरघळलं ना? मग बरं.”

मंडळी, आपल्यात बँकेत, एल.आय.सी.त, महसुलात, शिक्षण खात्यात शेरे मारून निवृत्त झालेले बरेच जण आहेत. माझ्या चाळीस वर्षांतले बहुतेक शेरे बरोबर असतील असा माझा अजून विश्वास आहे. हा एक चुकीचा होता. कुणाला आपला असा एखादा आठवत असेल तर इथे लिहा, आणि तो माणूस हयात असेल तर आधी त्याच्याकडे जाऊन या. मी बारा वर्षं उशिरा पोचलो.

मे महिन्यात पाणी उतरलं की मामीला पुन्हा न्यायचं आहे. या वेळी वळणापलीकडे, जिथून संगम दिसायचा तिथे. हळू जाऊ.

चूकभूल द्यावी घ्यावी.